चंद्र स्वतःभोवती फिरतो, हे अंगणात दाखवायचं कसं

"चंद्र पृथ्वीभोवती फिरतो, पण स्वतःभोवती फिरत नाही. म्हणून तर त्याची एकच बाजू दिसते." शाळेतल्या पोरांपासून पारावरच्या जाणत्या माणसांपर्यंत हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं. त्यातलं अर्धं बरोबर आहे आणि अर्धं चूक. चंद्र स्वतःभोवती फिरतो. तो फिरला नसता, तर महिन्याभरात त्याच्या चारही बाजू आपल्याला दिसल्या असत्या.

ज्यांनी खळ्यावर बैलांची मळणी पाहिली आहे, त्यांना हे दोन मिनिटांत पटतं. मधोमध खांब रोवलेला असतो आणि बैल त्याभोवती गोल चालतो. खांबाकडे बैलाची नेहमी एकच कूस. पण धुऱ्यावर उभं राहून पाहिलं, तर एका फेऱ्यात बैलाचं तोंड पूर्वेला, उत्तरेला, पश्चिमेला, दक्षिणेला असं सगळीकडे वळून येतं. म्हणजे खांबाभोवती एक फेरा झाला, तेवढ्यात बैल स्वतःभोवतीही एकदा फिरला. खांबाला ते कळत नाही, धुऱ्यावरच्या माणसाला कळतं. आपण पृथ्वीवर आहोत, म्हणजे खांबाच्या जागी आहोत. सगळा घोटाळा इथेच होतो.

हेच आता मोजमापासह करायचं. शाळेचं आवार, खळं किंवा वावरातली मोकळी जागा चालेल. आठ-नऊ मीटर लांब-रुंद सपाट जागा हवी.

सामान आणि आखणी

प्रमाण ठेवायचं १ सेंटीमीटर म्हणजे १,००० किलोमीटर. पृथ्वीसाठी मोठं बेलफळ घ्या. सुतळी गुंडाळून घेर मोजा, तो ४० सेंमीच्या आसपास असावा. चंद्रासाठी निंबू, घेर ११ सेंमी. खरे व्यास १२,७४२ आणि ३,४७४ किलोमीटर आहेत, त्यामुळे हे घेर जुळतात. एवढं मोठं बेलफळ मिळालं नाही तर चिंध्यांचा चेंडू बांधा, पण घेर चुकवू नका. बहुतेक चित्रांमध्ये चंद्र पृथ्वीला खेटून काढलेला असतो आणि तेच डोक्यात बसतं. खरं अंतर पाहिल्यावर पोरं थबकतात.

अंतर सरासरी ३,८४,४०० किलोमीटर, म्हणजे आपल्या प्रमाणात ३ मीटर ८४ सेंमी. मधोमध लाकडी खुंटा ठोका आणि त्यावर बेलफळ ठेवा. लोखंडी पहार वापरू नका, पुढे होकायंत्र बिघडवते. खुंट्याला दोरी सैल फासाने अडकवून ३८४ सेंमीवर खूण करा आणि फक्कीने वर्तुळ आखा. दोरी खुंट्यावर गुंडाळली गेली तर वर्तुळ आत सरकत जातं, म्हणून फास फिरता ठेवायचा.

आता वर्तुळावर २७ गोटे मांडा, दर ८९ सेंमीला एक. शेवटचा गाळा पाच-दहा सेंमी कमीजास्त निघेल, तो दोन-तीन गोट्यांत वाटून टाका. हे गोटे म्हणजे आपली २७ नक्षत्रं. खडूने त्यांवर अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मृग अशी नावं क्रमाने लिहा. क्रम कोणत्या बाजूने लावायचा, हे महत्त्वाचं आहे. उत्तरेकडून, म्हणजे ध्रुवताऱ्याच्या बाजूने पाहिलं, तर चंद्र घड्याळाच्या उलट फिरतो आणि तो स्वतःभोवती फिरतो तेही त्याच दिशेने. देवाला प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला असतो. चंद्राची फेरी त्याच्या बरोबर उलटी, पृथ्वी डाव्या हाताला ठेवून. खुंट्याजवळ उभं राहून गोट्यांकडे पाहिलं, की पुढचं नक्षत्र डावीकडे यायला हवं.

एक गोष्ट पोरांना आधीच सांगून ठेवा. गोटे चंद्राच्या वाटेवर ठेवलेत ते फक्त दिशा कळावी म्हणून. खरे तारे त्या दिशेला, पण कितीतरी पलीकडे आहेत. सूर्यसुद्धा या प्रमाणात १४ मीटर रुंदीचा आणि दीड किलोमीटरवर येतो. शेजारच्या गावाची पाण्याची टाकी तेवढ्या अंतरावर असेल तर तिच्याकडे बोट दाखवा.

पहिला फेरा: तोंड खुंट्याकडे

निंबावर काजळाचा ठळक ठिपका लावा आणि निंबू पऱ्हाटीच्या काडीला टोचा. एक पोरगी काडी छातीसमोर धरून दक्षिणेच्या गोट्यावर उभी राहील, तोंड खुंट्याकडे, ठिपकाही खुंट्याकडे. तिने उजवीकडे पावलं टाकत वर्तुळावरून जायचं आणि तोंड सतत खुंट्याकडे ठेवायचं. दुसऱ्या हातात मोबाइलमधलं होकायंत्र आडवं धरायचं. प्रत्येक पाव फेऱ्याला थांबून तिने मोठ्याने सांगायचं: तोंड कोणत्या दिशेला?

सुरुवातीला उत्तर. पाव फेरा झाल्यावर ती पूर्वेला पोचते, तोंड पश्चिमेला. अर्ध्यावर तोंड दक्षिणेला, पाऊण फेऱ्यावर पूर्वेला आणि पुन्हा जागेवर आली की उत्तरेला. चारही दिशा झाल्या. खुंट्याजवळ बसलेल्या पोराला मात्र ठिपका सोडून दुसरं काही दिसलं नाही.

दुसरा फेरा: न फिरणारा चंद्र

आता तीच पोरगी त्याच गोट्यावर उभी राहील. उत्तरेला लांबवर काही ठळक दिसत असेल, देवळाचा कळस, टॉवर, एखादं झाड, तर त्याच्यावर नजर रोखायची. काहीही झालं तरी नजर आणि ठिपका तिकडून हलवायचा नाही आणि फेरी पुरी करायची. होकायंत्राचा आकडा जिथल्या तिथे राहायला हवा. ही खरी न फिरणारी चंद्रफेरी. खुंट्याजवळच्या पोराला आता काय दिसतं? आधी चेहरा, मग डावा कान, मग पाठ, मग उजवा कान.

इथे हमखास बिघडतं ते असं. अर्ध्या फेऱ्यानंतर खुंट्याकडे पाठ येते, उलटं चालावं लागतं आणि पोरं सवयीने वळतात. म्हणून होकायंत्र बघायला दुसरा भिडू सोबत द्या, आकडा दहा-पंधरा अंशांनी सरकला की त्याने ओरडायचं. लांबची खूण खरंच लांब हवी. दहा मीटरवरचं झाड घेतलं, तर नजर त्यावर ठेवतानाच अंग वळत जातं आणि प्रयोग खोटा ठरतो. जवळ मोटार, पत्र्याचं शेड किंवा उभी गाडी असेल तर होकायंत्र भरकटतं. मोबाइल आधी हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोन-तीनदा फिरवून घ्या.

दोन्ही फेरे लागोपाठ करा. पहिलाच दाखवून समजावत बसलात, तर पोरं मान डोलावतात आणि घरी जाऊन तेच जुनं वाक्य म्हणतात. दुसऱ्या फेऱ्यात पाठ दिसते तेव्हाच गोष्ट डोक्यात उतरते.

चंद्राच्या विषुववृत्ताचा घेर सुमारे १०,९२० किलोमीटर आणि स्वतःभोवतीच्या एका फेऱ्याला २७ दिवस ७ तास ४३ मिनिटं. भागाकार केला तर तिथली जमीन ताशी साधारण १७ किलोमीटरने सरकते, म्हणजे सायकलीच्या वेगाने. पृथ्वीच्या विषुववृत्तावर हाच वेग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर आहे. चंद्र इतका मंद झाला तो पृथ्वीच्या ओढीने. त्या ओढीमुळे चंद्राच्या खडकाला किंचित फुगवटा येतो. पूर्वी तो वेगाने फिरत असताना फुगवटा सतत पुढे-मागे ओढला जायचा आणि आतल्या घर्षणाने वेग खात गेला. फिरणं आणि प्रदक्षिणा यांची गाठ पडली, तेव्हाच ती घसरण थांबली.

२७ दिवस की २९?

चंद्राची फेरी सव्वासत्तावीस दिवसांची, मग अमावास्या ते अमावास्या साडेएकोणतीस दिवस कसे? या प्रश्नाला पुस्तकात लांबलचक आकृती असते. शेतकऱ्याच्या घरात ती लागतच नाही, कारण सूर्याची नक्षत्रं इथे सगळ्यांना पाठ आहेत. मृग जूनच्या ७-८ तारखेला लागतो, आर्द्रा २१-२२ला. मृग लागला म्हणजे सूर्य मृगात गेला. सूर्याला एक नक्षत्र ओलांडायला तेरा-चौदा दिवस लागतात, चंद्राला साधारण एक दिवस. एवढं धरून गोट्यांवर खेळ मांडा.

सूर्याची झेंडी मृगाच्या गोट्याबाहेर रोवा आणि निंबू घेऊन पोरगी त्याच गोट्यावर उभी करा. ही अमावास्या: सूर्य आणि चंद्र एकाच दिशेला. आता ती दर "दिवसा"ला एक गोटा पुढे जाईल. दुसऱ्या पोराने १४ आकडे मोजून झाले की झेंडी एक गोटा पुढे, म्हणजे आर्द्रावर न्यायची, २७ला आणखी एक, पुनर्वसूवर. निंबू २७ दिवसांनी मृगावर परत आला. एक फेरी पुरी झाली, पण झेंडी दोन गोटे पुढे निघून गेलेली आहे. तिला गाठायला दोन दिवस लागतात आणि तेवढ्यात झेंडीही थोडी सरकते. म्हणून २९ दिवस १२ तास ४४ मिनिटं.

खेळ मांडलेलाच आहे तर आणखी एक पाहून घ्या. झेंडी विशाखेवर रोवा आणि निंबू बरोबर समोर न्या. तो कृत्तिकेच्या जवळ पोचतो. ही कार्तिकी पौर्णिमा. महिन्यांची नावं अशीच पडली आहेत: पौर्णिमेचा चंद्र चित्रेजवळ तो चैत्र, मघेजवळ तो माघ.

मग दर महिन्याला ग्रहण का नाही? चंद्राची वाट सूर्याच्या वाटेशी सुमारे ५ अंश तिरपी आहे. आपल्या वर्तुळात याचा अर्थ, निंबू एका बाजूला बेलफळाच्या पातळीपेक्षा ३४ सेंमी वर आणि समोरच्या बाजूला तेवढाच खाली जातो. पृथ्वीची गडद सावली तिथे जेमतेम ९ सेंमी रुंद असते, त्यामुळे निंबू बहुतेक वेळा तिच्या वरून किंवा खालून निघून जातो. आणि कला पृथ्वीच्या सावलीने होतात ही समजूत मोडायला वद्य अष्टमीच्या सकाळी आठला पोरांना अंगणात आणा. अर्धा चंद्र पश्चिमेकडे असतो आणि सूर्य पाठीशी. काडीवरचा निंबू हात लांब करून चंद्राच्या शेजारी धरा. निंबावरचं ऊन आणि चंद्रावरचं ऊन हुबेहूब सारखं दिसतं, आणि पृथ्वीची सावली कुठेच नसते. सूर्याकडे कोणी बघत नाही, एवढं पाहा.

आता आभाळात

पावसाळ्यात हा नाद करू नका. आषाढ ते भाद्रपद ढगांतच जातात आणि पोरांचा हिरमोड होतो. कोजागरीनंतर सुरू करा. हिवाळ्यात रात्री लाइन येते म्हणून हरभऱ्याला, गव्हाला ओलित करायला वावरात जागणाऱ्यांच्या हाती ही संधी आयतीच असते. उन्हाळ्यात बाहेर बाजेवर झोपणाऱ्यांच्याही.

मोजपट्टी म्हणजे आपला हात. हात ताठ करून मूठ धरली तर ती आभाळात १० अंश झाकते, करंगळी १ अंश, आणि चंद्र स्वतः अर्धा अंश. पोराची मूठ लहान असली तरी त्याचा हातही आखूड असतो, म्हणून माप जवळपास तेच येतं.

माघ, फाल्गुन, चैत्रात मघा तारा सोयीचा आहे. चंद्र त्याच्याजवळ असेल त्या रात्री नऊ वाजता दोघांमधलं अंतर मोजून लिहा, आणि चंद्र ताऱ्याच्या पूर्वेला आहे की पश्चिमेला तेही. तारा चिकटूनच हवा असं नाही. आपल्याला पूर्व-पश्चिम फरक पाहायचा आहे. तीन तासांनी पुन्हा पाहा. चंद्र ताऱ्याच्या मानाने पूर्वेकडे आपल्याच रुंदीच्या सुमारे तिप्पट सरकलेला असेल. दुसऱ्या रात्री नऊ वाजता साधारण १३ अंश, म्हणजे एक मूठ आणि वर दोन बोटं. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो तो याचमुळे. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्या घरात हे वेगळं सांगावं लागत नाही. फक्त मुंबईची वेळ पाहून ताटकळू नका, नागपुरात तो जवळपास २५ मिनिटं आधी उगवतो, आणि गडचिरोलीत बुलढाण्यापेक्षा पाव तास आधी.

बरोबर २७ रात्रींनी नऊ वाजता पुन्हा मघेकडे पाहा. चंद्र परत तिथेच, पण पहिल्या जागेच्या ४ अंश, म्हणजे दोन-अडीच बोटं पश्चिमेला. तेवढे ७ तास ४३ मिनिटं अजून बाकी आहेत. तिथी मात्र अडीच दिवस मागची असेल. तारे रोज ४ मिनिटं लवकर येतात, त्यामुळे मघा या वेळी सुमारे पावणेदोन तास पुढे, आभाळात वर दिसेल. चूक झाली असं समजून वही फेकू नका.

ससा कुशीवर वळतो तेव्हा

चंद्र उगवताना ससा एका कुशीवर दिसतो आणि पहाटे मावळताना दुसऱ्या. बाजेवर पडून रात्रभर पाहणारा म्हणतो, "बघा, फिरला." हे चंद्राचं फिरणं नव्हे. उगवताना आपण पूर्वेकडे तोंड करतो, मावळताना पश्चिमेकडे. आभाळासोबत चित्र कलतं आणि आपणही वळलेलो असतो. तपासायला चंद्राच्या कडेजवळचा एकटा, लंबगोल काळा डाग निवडा. त्याचं नाव मेअर क्रिसियम. पौर्णिमेचा चंद्र उगवताना तो वरच्या कडेला असतो, मावळताना खालच्या कडेला, जरा उजवीकडे. पण ताऱ्यांच्या मानाने तो आपल्या जागीच असतो. त्या डागातला दगड बेसाल्ट आहे, आपल्या वावराखालचा काळा फत्तर असतो त्याच जातीचा. बुलढाणा जिल्ह्यातलं सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं लोणारचं विवर अशाच दगडात उल्का आदळून झालं आहे, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे तिथे येतात.

पलीकडची बाजू कायम अंधारात असते, हेही खरं नाही. अमावास्येला ती बाजूच पूर्ण उन्हात असते. आपल्याला ती पहिल्यांदा दिसली ऑक्टोबर १९५९मध्ये, सोव्हिएत लूना-३ यानाच्या फोटोंतून. अगदी ध्रुव सोडले, तर चंद्रावर कुठेही गेलात तरी दिवस सुमारे पंधरवड्याचा आणि रात्र तेवढीच. चांद्रयान-३ म्हणूनच २३ ऑगस्ट २०२३ला, तिथे सकाळ होत असताना उतरवलं. त्या जागेवरून पृथ्वी उगवत नाही आणि मावळतही नाही. वायव्य क्षितिजावर दीड-पावणेदोन मुठी वर, एकाच ठिकाणी लटकलेली दिसते आणि तिथेच थोडी डुलते.

चंद्राचं डुलणं वहीत कसं पकडायचं

हे डुलणं इथूनही दिसतं, आणि चंद्र स्वतःभोवती फिरतो याचा आभाळातला सगळ्यात चांगला पुरावा तोच आहे. स्वतःभोवती चंद्र एकसारख्या वेगाने फिरतो. पृथ्वीभोवतीची त्याची वाट मात्र लंबगोल आहे. जवळच्या टोकाला अंतर साधारण ३,६३,००० किलोमीटर, दूरच्या टोकाला ४,०५,००० किलोमीटर. जवळ आला की तो भरभर चालतो, दूर गेला की सावकाश. एक चाल सारखी आणि दुसरी कमीजास्त, म्हणून चेहरा कधी थोडा डावीकडे, कधी थोडा उजवीकडे वळलेला दिसतो, ८ अंशांपर्यंत. पंचांगातल्या क्षयतिथी आणि वृद्धितिथीचं मूळही इथेच आहे. तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातलं १२ अंशांचं अंतर. चंद्र भरभर चालला की तिथी १९-२० तासांत आटोपते, रेंगाळला की २६ तास खाते.

दुर्बीण ७×५० किंवा १०×५० (७ किंवा १० पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) पुरे. हातात धरली तर थरथरते, म्हणून झाडाच्या बेचक्यात किंवा भिंतीवर टेकवा. वहीत १० सेंमी व्यासाची वर्तुळं आधीच आखून ठेवा. शुक्ल चतुर्थीपासून वद्य द्वितीयेपर्यंत, दिसेल त्या प्रत्येक रात्री क्रिसियम आणि चंद्राची जवळची कड यांमधली फट काढा. बाकी काही काढायची गरज नाही. खाली तारीख आणि वेळ लिहा. फक्त पौर्णिमेलाच पाहाल तर फरक फार हळू कळतो, कारण डुलण्याचा फेरा आणि कलांचा फेरा सारखे नाहीत. तीन-चार महिने वही चालवली, की ती फट कधी ५-६ मिलिमीटर आणि कधी जेमतेम १ मिलिमीटर भरते. फट रुंद असते तेव्हा कडेपलीकडची एक चिंचोळी पट्टी इकडे वळलेली असते. याच डुलण्यामुळे चंद्राचा अर्धा नव्हे, तर एकूण ५९ टक्के भाग कधी ना कधी अंगणातून दिसतो.